खोळंबा वही : आमची वाटचाल

कोल्हापूरला मापाचं वावडं नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, लेथवरचा पोरगा मायक्रोमीटर लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजत असतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून निघालेलं कास्टिंग देशभरच्या गाड्यांना बसतं. पण त्याच शेडपासून दोन गल्ल्या पुढं बांधकाम चालू असेल, तर तिथं ‘चार बोटं इकडं घे’ असं काम चाललेलं दिसतं. माणसं तीच, गाव तेच, हुशारीही तीच. मग एका धंद्यात वेळेचा आणि मालाचा हिशेब लागतो आणि दुसऱ्यात लागत नाही, असं का? या प्रश्नामागं लागूनच आमची बांधकामाची फर्म आज आहे तशी झाली.

वडील सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणाऱ्या टोळीचे, मुकादम होते. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका मोठ्या ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो आणि मग स्वतःची कामं घ्यायला लागलो. सुरुवातीला कळंबा, पाचगाव, आर. के. नगरकडची स्वतंत्र घरं, मग तीन-चार मजली अपार्टमेंट, अधूनमधून एमआयडीसीतली एखादी शेड. आजही आम्ही छोटेच आहोत आणि एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त साईट घेत नाही.

माझा थोरला भाऊ शिरोलीला एका फौंड्रीत मेंटेनन्सला. एकदा माझ्याबरोबर साईटवर आला. वर फिटर सळई बांधत होते, खाली सात-आठ जण सावलीला बसलेले. दादानं विचारलं, “ही माणसं कशाची वाट बघत्यात?” मी म्हटलं, इलेक्ट्रिशियनचे पाईप टाकून व्हायचेत, ते झाल्याशिवाय वरची जाळी बांधता येत नाही. तो म्हणाला, “आमच्याकडं मशीन दहा मिनिटं थांबलं तरी शिफ्टच्या कागदावर कारण लिहावं लागतं. तुझ्याकडं हे कुठं लिहितात?”

कुठंच लिहीत नव्हते. आमच्याच नाही, बांधकामाच्या धंद्यातच ती पद्धत नाही. हजेरी लिहितात, सिमेंटची पोती लिहितात, सळईचं वजन लिहितात. माणूस कामावर होता पण काम पुढं गेलं नाही, हे लिहायला रकानाच नसतो. त्या आठवड्यात लक्ष्मीपुरीतून एक लांबडी वही आणली आणि वर लिहिलं ‘खोळंबा’. कुठली टोळी, किती माणसं, किती वेळ थांबली, कशामुळं. एवढेच चार रकाने. सुपरवायझरनं दुपारी आणि संध्याकाळी भरायचे.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा असा भरल्यावर वही घेऊन बसलो. आमच्या धंद्यात उशिराचं खापर दोघांवर फुटतं : पावसावर आणि लेबरवर. वहीत ही दोन्ही कारणं होती, पण वरच्या नंबरावर नव्हती. सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं ‘आधीचं काम पुरं नाही’. त्याखालोखाल ‘ड्रॉइंग नाही किंवा बदललं’ आणि ‘मालकांनी ठरवलं नाही’. म्हणजे दोरी आळशी माणसाच्या हातात नव्हती, ऑफिसात बसणाऱ्यांच्या हातात होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. आमच्याकडं सेंट्रिंग, बांधकाम, गिलावा ही कामं चौरस फुटाच्या दरानं दिली जातात. टोळी दोन तास बसून राहिली तर ठेकेदाराच्या वहीत एक रुपयाही पडत नाही, नुकसान मुकादमाचं आणि त्याच्या माणसांचं होतं. म्हणूनच ते कुणाला दिसत नाही. पण ते जातं कुठं? मुकादम पुढच्या कामाला दर वाढवून मागतो, नाहीतर चांगली माणसं दुसऱ्या साईटवर नेऊन आपल्याकडं नवखी ठेवतो. म्हणून आम्ही एक नियम केला. आमच्या बाजूनं काम अडलं, म्हणजे ड्रॉइंग, माल किंवा आधीच्या टोळीचं काम यामुळं, तर थांबलेल्या माणसांना त्या वेळेचा अर्धा रोज फर्म देणार. अकाउंट्समध्ये त्याचं वेगळं खातं उघडलं. पहिल्या महिन्याचा आकडा बघून आमच्या सौ., ज्या हिशेब सांभाळतात, त्यांनी मला समोर बसवून एकेक नोंद विचारली. तिथून खरी सुधारणा सुरू झाली, कारण आता थांबण्याला किंमत होती आणि ती आमच्या खिशातून जात होती.

त्यातूनच शनिवारची बैठक सुरू झाली. दुपारी चारला सेंट्रिंग, फिटर, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा सगळ्यांचे मुकादम साईटवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर बसतात. पुढच्या आठवड्यात कोण काय पुरं करणार हे ज्याचं त्यानं स्वतः सांगायचं, आम्ही सांगायचं नाही. अट एकच : ड्रॉइंग, माल, माणसं आणि आधीचं काम हे चारही तयार असल्याशिवाय कुणी शब्द द्यायचा नाही. पहिल्या काही बैठकांत सगळे ‘हुतंय की साहेब’ म्हणायचे. मग आमचे गवंडी मिस्त्री, ज्यांना सगळी साईट मामा म्हणते, त्यांनी एकदा उठून सांगितलं, “ब्लॉक आल्यात, पर लिंटेलची उंची कुणी सांगितली न्हाई. मी शबूद देनार न्हाई.” (लिंटेल म्हणजे दार-खिडकीवरची आडवी पट्टी.) त्या दिवसापासून बैठकीत खरं बोललं जायला लागलं. नाही म्हणायला माणसाला भीती वाटू नये, ही या पद्धतीची पहिली पायरी आहे असं माझं ठाम मत आहे.

पुढं वाचनात आलं की हीच पद्धत अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात ‘लास्ट प्लॅनर’ नावानं मांडली. प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या शेवटच्या माणसानंच नियोजन करायचं, हा तिचा गाभा. त्यांनी मोजलं तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच त्या आठवड्यात पुरी होत होती. म्हणजे हा रोग कोल्हापूरचा नाही, जगाचा आहे. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१७ च्या अहवालात आहे की त्याआधीच्या वीस वर्षांत जगभर बांधकामातली कामगार उत्पादकता वर्षाला सरासरी १ टक्का वाढली, तर कारखानदारीत ती ३.६ टक्क्यांनी वाढली. उद्यमनगर आणि साईट यांतली तफावत मला खुपत होती, तिचाच हा आकडा.

तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना ड्रोन आणि रोबो आठवतात. आमच्याकडं सगळ्यात जास्त फायदा झाला तो लेसर लेव्हलचा आणि ड्रॉइंगच्या शिस्तीचा. पूर्वी पाण्याची नळी घेऊन दोन माणसं खोलीभर फिरायची, नळीत बुडबुडा राहिला की लेव्हल चुकायची आणि ती चूक फरशी बसवताना उघडी पडायची. आता भिंतीवर लाल रेघ पडते आणि चौकट, स्विचचे बॉक्स, डॅडो (भिंतीवरच्या टाईल्स) सगळं तिच्यावरून मोजलं जातं. ड्रॉइंगचं सांगायचं तर साईटवर एका वेळी एकच प्रत राहते. नवी आली की जुनीवर ‘बाद’ असा शिक्का मारून ती ऑफिसात परत येते. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंगचा फोटो पाठवून काम करायला आम्ही मनाई केली आहे, कारण फोनमध्ये जुनं आणि नवं शेजारी शेजारी राहतं आणि घाईत जुनंच उघडलं जातं. ग्रुप आहे, पण तो फक्त झालेल्या कामाच्या फोटोंसाठी. स्लॅब टाकण्याआधी सळई, कव्हर ब्लॉक (सळई प्लेटेला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे), पाईप यांचे फोटो त्यावर पडल्याशिवाय काँक्रीटची ऑर्डर जात नाही.

सळईचं उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण पैसा तिथं दिसतो. सळई १२ मीटर लांबीची येते. समजा बीमला ४.६ मीटरचे तुकडे लागतात. एका सळईत दोन निघतात आणि २.८ मीटर उरते. १६ मिलिमीटरची सळई असेल तर ते जवळपास साडेचार किलो लोखंड झालं. फिटर ते बाजूला टाकतो, ते गंजतं आणि शेवटी भंगारात जातं. आमच्याकडं आता एक इंजिनिअर मुलगी आहे. ती बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती आणि कशी कापायची-वाकवायची याचा तक्ता, बनवतानाच कापायचा क्रम लावते : हा २.८ मीटरचा तुकडा कुठल्या सपोर्टवरच्या एक्स्ट्रा सळईला चालेल, कुठल्या मजल्यावर, हे आधीच ठरलेलं असतं. फिटरच्या हातात कापायची यादी पडते आणि प्रत्येक तुकड्याला बीमचा नंबर लावलेली पट्टी बांधली जाते. वर चढवल्यावर शोधाशोध नाही. कॉलमच्या स्टार्टरसाठी, म्हणजे कॉलमच्या बुडाशी आधी ओततात त्या बुटक्या भागासाठी, आम्ही उद्यमनगरातूनच लोखंडी फ्रेम करून घेतल्या. फ्रेम आखणीवर ठेवली की स्टार्टर हलत नाही, आणि खाली स्टार्टर नीट बसला की वरचा सगळा कॉलम ओळंब्यात येतो.

काँक्रीटच्या बाबतीत शक्य तिथं रेडीमिक्स, म्हणजे प्लँटवर कालवून ट्रान्झिट मिक्सरच्या गाडीनं येणारा माल, घेतो. सव्वाशे चौरस मीटरच्या स्लॅबला बीम धरून पंचवीसेक घनमीटर माल लागतो. मिक्सर आणि लिफ्टवर त्याला मोठी टोळी आणि रात्रीपर्यंतचा दिवस जायचा. पंप लावला की चार-पाच गाड्यांत, उजेडात काम आटोपतं. प्रत्येक गाडीचा स्लम्प, म्हणजे माल किती पातळ-घट्ट आहे ते, बघायचा, पंप चालावा म्हणून कुणालाही वरून पाणी मारू द्यायचं नाही, आणि १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरून ७ आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासायची. पण शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बोळांत ट्रान्झिट मिक्सर शिरत नाही. तिथं अजून साईटवरच माल कालवतो, फक्त फावड्याच्या अंदाजानं नाही. एका पोत्याला ३५ लिटरच्या फर्म्यानं खडी-वाळू मोजून आणि पाणी मापाच्या डब्यानं.

एका बाबतीत मात्र वेग वाढवायला आमचा विरोध आहे. प्लेटा लवकर काढून पुढच्या मजल्याला नेणं याला काही जण प्रगती म्हणतात. काँक्रीट कामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्यापुढच्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. फ्लायअ‍ॅशचं सिमेंट असेल तर आम्ही त्याहून जास्त ठेवतो. पाणी मारायचे दिवसही तसेच, त्यात काटछाट नाही. वेळ वाचवायचा तो माणसं थांबतात तिथं, काँक्रीट पक्कं होतं तिथं नाही.

पावसाळ्याचं गणित आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच मांडतो. मृगाच्या आत पाया जोत्यापर्यंत वर आला पाहिजे आणि भराव झाला पाहिजे, नाहीतर काळ्या मातीत खड्डे भरून पाणी उपसत बसावं लागतं. जून ते सप्टेंबर आतली कामं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ५५ फुटांची रेषा ओलांडली, जिथं धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. ना सिमेंट येत होतं, ना माणसं. तेव्हापासून पूररेषेच्या आसपासचं काम असेल तर सिमेंटचं गोडाऊन पहिल्या मजल्यावर, आणि जुलैच्या मध्यापर्यंत हायवेपलीकडून येणारा माल आधीच साईटवर, असा नियम आहे. बंधाऱ्याच्या पातळीचा आकडा पावसाळ्यात रोज सकाळी फळ्यावर लिहिला जातो.

‘मालकांनी ठरवलं नाही’ या कारणाचं काय केलं, तेही सांगायला हवं. रेरा हा गृहप्रकल्पांचा कायदा १ मे २०१७ पासून लागू झाल्यावर प्रकल्पाच्या तारखेला कायद्याचं वजन आलं, पण स्वतंत्र घर बांधणाऱ्याला तारखेचं बंधन फक्त ठेकेदारावरच आहे असं वाटतं. आता करारासोबतच आम्ही निर्णयांची यादी देतो : टाईल्स कधीपर्यंत, ओट्याची जागा कधीपर्यंत, विजेचे पॉईंट कधीपर्यंत. कागदावरचा नकाशा घरच्यांना कळत नाही, हा त्यांचा दोष नव्हे. म्हणून स्लॅबच्या प्लेटा निघाल्या की खालच्या जमिनीवर पूर्ण मापात खडूनं स्वयंपाकघर आखतो आणि कुटुंबाला बोलावतो. राजारामपुरीतल्या एका काकू आखलेल्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या, हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, “फ्रीजचं दार उघडलं तर मी इथं अडकते की रे.” खडू पुसला, फ्रीज दुसऱ्या कोपऱ्यात गेला, खर्च शून्य. हेच गिलावा झाल्यावर कळलं असतं तर भिंतीत झिऱ्या (चरी) फोडून पाईप काढावे लागले असते.

हजेरी आता फोनवर, फोटोसह होते. तिचा एक उपयोग ठरवून केला. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला बांधकाम खर्चाच्या १ टक्क्याचा उपकर त्यासाठीच भरला जातो, पण हजेरीच नसेल तर कामगाराला त्यातलं काही मिळत नाही. आमच्या साईटवर ९० दिवस भरले की दाखला मागायच्या आत तयार असतो. विजापूरकडून येणारी एक टोळी सणाला गावी गेली की परत आमच्याकडंच येते, त्यामागं हा दाखला आणि अर्धा रोज ही दोन कारणं आहेत, असं त्यांचा मुकादमच सांगतो. नवी टोळी शिकवण्यात जाणारे आठवडे वाचतात ते वेगळेच.

सध्या संडास-बाथरूमच्या पाईपचं काम हातात घेतलं आहे. अपार्टमेंटमध्ये एकावर एक येणाऱ्या बाथरूम सारख्याच असतात, तरी प्लंबर प्रत्येक मजल्यावर पहिल्यापासून मोजून कापतो. गोकुळ शिरगावला भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये आम्ही एका लोखंडी चौकटीवर सगळी जोडणी करून, पाण्याचा दाब देऊन तपासतो आणि तयार संच साईटवर नेतो. प्लंबरचं काम वर फक्त बसवण्याचं राहतं. उजळाईवाडीच्या साईटवर पहिले संच बसले, एका ठिकाणी भिंत ओळंब्यात नव्हती म्हणून अडलं, आणि तेही वहीत लिहिलं आहे. पुढच्या संचात जोडाला थोडी मोकळीक ठेवली आहे.

खोळंबा वहीचा कोरा नमुना आम्ही कुणालाही देतो. धंद्यातल्या कुणाला बघायचं असेल तर शनिवारी चारला साईटवर या. मुकादमांच्या शेजारी बसा आणि आधी त्यांचं ऐका, मग वही मागा.