दुकानाचा नंबर तोच ठेवून फोन बदलले: माझा अनुभव

सांगलीत आमचं शेतीऔषधांचं दुकान आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पहाटे सहापासून फोन सुरू होतात. रात्री पाऊस पडून गेला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचे द्राक्ष बागायतदार विचारतात, "डाऊनी दिसायला लागलाय, आता काय मारू?" डाऊनी म्हणजे ओल्या हवेत पसरणारा द्राक्षाचा रोग. त्या वेळी फोन लागला नाही तर फवारणी चुकते आणि घड हातचे जातात. म्हणून फोन नीट चालणं मला गोडाऊनमधल्या मालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडे तीन लँडलाईन, भिंतीवर ईपीएबीएक्सचा, म्हणजे बाहेरच्या लाईनी आतल्या फोनांना जोडून देणारा डबा आणि आठ इंटरकॉम होते. 2019 च्या महापुरानंतर दर पावसाळ्यात लाईनवर खरखर यायची. लाईनमन म्हणायचे, "वहिनी, केबलच्या जॉइंटात पाणी शिरतंय." मग एका जुलैत दोन लाईन कायमच्याच गेल्या.

आण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एकच अट होती. राहिलेला नंबर बदलायचा नाही. लँडलाईनच्या नंबरांना पुढे 2 लागला, तेव्हा त्यांनी गोडाऊनच्या भिंतीवर तो रंगवून घेतला होता. तो 2 आजही बाकीच्या आकड्यांपेक्षा गडद निळा दिसतो.

पहिल्या विक्रेत्याने होस्टेड सिस्टीम दाखवली. ईपीएबीएक्सचं काम त्यांच्या सर्व्हरवर, आपण फक्त इंटरनेटचे फोन लावायचे आणि माणशी दरमहा भाडं भरायचं. मला ते आवडलं. तासगावची शाखा आणि गोडाऊन एकाच इंटरकॉमवर येणार होते. पण नंबर नवा मिळणार होता. आपल्याकडे कंपनी बदलून नंबर कायम ठेवायची सोय मोबाईलला आहे, लँडलाईनला नाही, हे मला तेव्हा कळलं. तरी पंधरा दिवस चालवून पाहिलं. "मराठीसाठी एक दाबा" सुरू झालं की बरेच कॉल तिथेच कट व्हायचे. एक आजोबा दुकानात येऊन म्हणाले, "पोरी, ती बाई आकडे सांगत बसते, माझे हात औषधानं भरलेले. मी दाबू कशानं?" त्याच दिवशी मी तो संदेश काढायला लावला.

वाट सापडली ती जुन्याच टेलिफोन कंपनीकडे. तांब्याची लाईन सोडून फायबर घेतलं तर नंबर तोच राहील, असं त्यांनी सांगितलं. फायबरच्या डब्याला मागे साध्या फोनचं सॉकेट असतं. तिथून वायर एका छोट्या गेटवेत, म्हणजे साधी लाईन इंटरनेटच्या फोनांना जोडणाऱ्या डबीत घेतली आणि गेटवे होस्टेड सिस्टीमला जोडला. आता जुन्या नंबरवरचा कॉल आत येतो आणि काउंटर, गोडाऊन, तासगाव असा कुठेही वाजतो. लँडलाईनवरून मोबाईल लावताना 2021 पासून आधी 0 लावावा लागतो, तोही सिस्टीमच लावते.

खरा त्रास पुढेच होता. तासगावच्या शाखेत फोन उचलला की समोरच्याला आमचं ऐकू जायचं, आम्हाला त्याचं काहीच नाही. शेतकरी "हॅलो, हॅलो" करून ठेवून देत असेल, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. आठवडाभर फोन बदलले, वायरी बदलल्या. शेवटी एका तरुण टेक्निशियनने तिथला राउटर उघडून 'सिप एएलजी' नावाची सेटिंग बंद केली आणि पाचव्या मिनिटाला आवाज आला. फोन सिस्टीमला आपला जो पत्ता कळवतो त्यात ही सेटिंग ढवळाढवळ करते, मग येणारा आवाज वाट चुकतो. इंटरनेटचे फोन घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

संध्याकाळी आवाज तुटायचा, त्याचं कारण वेगळं. एका कॉलला जेमतेम 100 केबीपीएस लागतात, आमची लाईन 100 एमबीपीएसची, म्हणजे हजारपट मोठी. पण त्याच वेळी हिशेबाचा बॅकअप वर चढायचा आणि आवाजाची पाकिटं, म्हणजे नेटवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे, मागे अडकायची. राउटरमध्ये फोनला पहिला मान दिला, बॅकअप रात्री अकराला नेला.

वीज मात्र विसरू नका. तांब्याच्या लाईनला टेलिफोन एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, लाईट गेली तरी फोन वाजायचा. आता फायबरचा डबा, राउटर, नेटवर्कचा स्विच आणि गेटवे, चारही इन्व्हर्टरवर घेतलेत.

आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना दुकानात येणं जमेना. मी एक फोन घरी त्यांच्या खुर्चीशेजारी लावला, एक्स्टेन्शन 11. गेल्या नोव्हेंबरात रात्रभर पाऊस झाला. पहाटे सहाला जुन्या नंबरवर आलेला पहिला कॉल त्यांच्याकडेच वाजला. मी चहा ठेवत होते, आतून आवाज आला, "हां बोला पाटील, बाग किती पानांवर आहे?"