फायलीत मराठी नव्हतंच

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं मांडून देण्याचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, क्लासच्या नोट्स अशी कामं. तिथल्या कॉम्प्युटरची देखभाल मी करतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे दुकानाच्या मालकांनी, काकांनी, पेपरात वाचलं आणि मला फोन आला.

मशिनं चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे मशिनंच बदला. "चालू मशीन भंगारात? का म्हणून?" काकांचा मुद्दा बिनतोड होता. वर्षभर जादा सुरक्षा अपडेट घेता येत होते, पण ते दुखणं पुढे ढकलणंच. मी विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट सुचवलं. 'फुकट' म्हटल्यावर चहा आला.

आधी काकांच्या टेबलावरचं मशीन घेतलं. मिंट पटकन बसलं, मेल आणि ब्राउझर सुरू झाले. जुन्या लेझर प्रिंटरने ड्रायव्हरसाठी दुपारपर्यंत नाचवलं, पण अखेर छापायला लागला. मग दुकानात टायपिंग करणाऱ्या ताईंनी पेन ड्राइव्हवरून एका संस्थेचा अहवाल उघडला.

"अहो, हे काय उमटलंय?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टिंबवाले परदेशी स्वर. मराठीचा पत्ता नाही. ताईंना वाटलं फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत होती. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत, येण्याआधीच्या मराठी फॉण्टांची हीच गंमत आहे: फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉण्ट त्यांच्यावर काना, मात्रा, अर्धं अक्षर यांची चित्रं चढवतो. फॉण्ट काढला की खालचं उघडं पडतं. इतकी वर्षं या दुकानात जे साठलं होतं, ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. विंडोजवर ते दिसत होतं, इतकंच.

जुना फॉण्ट कॉपी केला. वर्डच्या फायलींत अक्षरं परत आली, काही जोडाक्षरांच्या जागी मात्र चौकोन. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली मिंटवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. उघडल्याही, पण मांडणी विस्कटलेली. टायपिंगचं सॉफ्टवेअर वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची सोय) सुरू झालं आणि लगेच डोंगल, म्हणजे परवान्याची मशीनला लावायची किल्ली, मागू लागलं. डोंगल मागे लावलेलाच होता, सॉफ्टवेअरला तो दिसेना.

राहिला युनिकोडमध्ये बदलायचा मार्ग. कन्व्हर्टर आहेत. पण जुन्या फॉण्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. साध्या शब्दांना कन्व्हर्टर जमवून घेतो, जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर. ताईंनी एक पान तपासलं आणि म्हणाल्या, "यापेक्षा मी नव्याने टाइप करीन."

तेही सोपं नव्हतं. त्यांचा हात टाइपरायटरच्या परीक्षेत बसलेला, रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीचा. मिंटवर इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड लगेच मिळतो, इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारं गमभनही टाकता येतं. पण हवी ती कळ हव्या त्या जागी काही मिळेना. ज्या बाई फोनवर बोलता बोलता पान टाकतात, त्या एकेक कळ शोधू लागल्या, ते बघवेना. लिनक्सवाले 'सवय होईल' म्हणतात. मीही म्हणतो, पण दिवाळी आठवड्यावर आलेली असताना ते कोणाला सांगणार?

शेवटी ताईंच्या मशीनला हात लावला नाही. विंडोज १० तसंच, इंटरनेटची वायर काढून, डोंगलसकट. काकांच्या टेबलावर मिंट.

"यावर मी करायचं काय?" काकांनी विचारलं.

"मेल बघा, जीएसटी भरा."

"जीएसटी आमचा सीए भरतो," काका म्हणाले.