तुम्ही विचारलंत म्हणून: शिकलेलीच पोरं घरी का?

"मॅडम, तुमचा विषयच शिक्षण आणि रोजगार. मग एवढं सांगा, शाळेची पायरी न चढलेला माणूस रोज कामाला जातो आणि आमचा बी.कॉम. झालेला पोरगा घरात बसून असतो. शिकवायचं तरी कशाला?"

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, कुठेही हा प्रश्न येतो. मी नाशिकला अर्थशास्त्र शिकवते, तेव्हा तो मला विचारला जाणं साहजिकच आहे. विचारणाऱ्याच्या घरी तो पोरगा खरोखर बसलेला असतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही जे बघताय ते खरं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. जवळपास नऊपट फरक.

पण द्राक्षछाटणीच्या दिवसांत सकाळी नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जाऊन या. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून टोळ्या उतरलेल्या असतात, बायकांच्या कडेवर पोरं, पिशवीत भाकरी. बागायतदार येतो, मुकादमाशी भाव ठरतो, पिकअप भरून निघून जाते. उन्हं वर आली तरी ज्याला कोणी नेलं नाही तो मिळेल त्या रोजावर जातो, कारण संध्याकाळी किराणा घ्यायचा असतो. सर्वेक्षणात हा माणूस 'रोजगारात' मोजला जातो. बेरोजगार राहणं त्याला परवडतच नाही. तुमच्या मुलाला घरी दोन वेळचं जेवण आहे, म्हणून तो बऱ्या नोकरीची वाट बघू शकतो. या दोघांची तुलना करून शिक्षण वाया गेलं म्हणणं मला पटत नाही. ३.४ हा सुखाचा आकडा नाही.

मग शिक्षणाने कमाई वाढते का? दरवर्षी वर्गात मी मुलांना घरी आणि शेजारी विचारून यायला सांगते: किती शिकलात, आज महिन्याला किती मिळवता? मग फळ्यावर शिक्षण आडवं, कमाई उभी धरून प्रत्येकाचा एक ठिपका मांडतो. चढ दिसतोच, पण ठिपके फार विखुरलेले. दहावी नापास असलेला वायरमन एखाद्या एम.ए. झालेल्याच्या वर निघतो आणि वर्गात हशा पिकतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "मॅडम, पण जास्त शिकलेल्याच्या बापाकडे आधीच पैसा होता ना?" त्या प्रश्नाची मी वाटच बघत असते. आमच्या शाखेतलं निम्मं संशोधन याच शंकेपायी झालं आहे.

अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो यांनी, ज्यांना २०१९ चं नोबेल विभागून मिळालं, या शंकेचं उत्तर इंडोनेशियात शोधलं. १९७३ ते १९७८ या काळात तिथल्या सरकारने तेलाच्या पैशातून ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, काही भागांत जास्त, काही भागांत कमी. शाळा उभ्या राहिल्या तेव्हा काही मुलं लहान होती, काहींचं शाळेचं वय उलटून गेलं होतं. कोणाच्या वाट्याला शाळा आली हे बापाच्या खिशावर ठरलं नव्हतं, तर जन्मसालावर आणि गावावर. पुढे ही मुलं मोठी होऊन कमावू लागली, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे मजुरी साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे बापाचा पैसा बाजूला काढला तरी शाळा काहीतरी देतेच.

काय देते, यावर मात्र मतभेद आहेत. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली मांडलं की शिक्षण हे माणसात घातलेलं भांडवल आहे, त्याने काम करण्याची कुवत वाढते. १९७३ मध्ये दुसरे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स म्हणाले, कुवत वाढो न वाढो, पदवी ही मालकासाठी खूण असते; हा उमेदवार चिकाटीचा आहे, एवढं तिच्यावरून कळतं. आपल्याकडच्या कितीतरी पदव्या आज नुसती खूण होऊन बसल्या आहेत, असं माझं मत आहे. आणि खूण सगळ्यांकडे झाली की मालक अट वाढवतो. शिपायाच्या जागेला पदवीधरांचे अर्ज येतात ते त्यामुळेच.

मला खरी काळजी वाटते ती पदवीनंतरच्या वर्षांची. स्पर्धा परीक्षेचा एक प्रयत्न, मग आणखी एक, मग वय. त्या काळात मुलगा काहीच कमावत नाही, हातात कसब येत नाही, आणि पुढे मुलाखतीत विचारतात, "मधली वर्षं काय करत होता?" मुलींना तर तेवढाही वेळ मिळत नाही, तोवर स्थळं बघणं सुरू होतं.

इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांकडूनही मी ऐकते की मुलांना काही येत नाही. मग शिकवा ना! तर म्हणतात, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, शिकवलं की पोरगा पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत जातो. त्यांचं चुकीचं नाही. बेकर यांनीच दाखवलं आहे की जे कसब कुठेही चालतं त्याचा खर्च एकटा मालक सहसा उचलत नाही. शिकताना कमी वेतन घेऊन तो खर्च उमेदवारानेच सोसायचा, असं ते गणित आहे. गिरणाऱ्याहून आलेल्या मजुराच्या मुलाला ते जमणार कसं? म्हणून शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनात सरकारने घसघशीत वाटा उचलला पाहिजे, असं मी जिथे बोलवतील तिथे बोलते.

तोवर तुमच्या मुलासाठी एवढंच सांगेन. परीक्षा द्यायची तर किती वर्षं, ते आज घरात बसून ठरवा आणि लिहून ठेवा. बी.कॉम. आहे तर एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरायला त्याला पाठवा, पगार थोडा असला तरी. धाकटी आयटीआयला जाते म्हणत असेल तर अडवू नका. पदवी तिला नोकरी करता करता आपल्या गंगापूर रोडकडच्या मुक्त विद्यापीठातूनही घेता येईल.