टेकडीवरची सायकलवाट, पावसाळ्यानंतरची पहिली डागडुजी

आज सकाळी साडेसहा ते दहा, आठ जणांत वाटेचा चाळीसेक मीटरचा तुकडा झाला. हत्यारं नेहमीचीच: टिकाव, फावडी, घमेली, एक पहार, धुम्मस (माती ठोकून घट्ट बसवायचं).

मूळ दुखणं पाण्याचं. चाकांनी वाट मधोमध दबते, उताराकडच्या कडेला मातीचा वरंबा साचतो. मग पाणी बाहेर पडत नाही, वाटेवरूनच धावतं आणि मुरूम धुऊन नेतं. म्हणून आधी वरंबा मुळासकट काढायचा. त्यातला स्वच्छ मुरूम खड्ड्यांसाठी बाजूला, बाकी माती उतारावर लांब पसरून फेकायची. मग वाटेला बाहेरच्या अंगाला शेकडा 5 उतार, म्हणजे 1 मीटर रुंदीला 5 सेंमी. बाटलीभर पाणी ओतून बघा, ओघळ कडेबाहेर वळला की जमलं.

खड्डा नुसत्या मातीने भरला तर पहिल्या वळवातच जातो. खाली मुठीएवढे दगड ठोकून बसवा, वर ओलसर मुरूम 8-10 सेंमीच्या थरांनी धुमसा. पालापाचोळा, मुळं आत अजिबात नकोत; ती कुजली की जमीन पुन्हा तिथेच खचते.

वळणाजवळचा जुना चढ मात्र डागडुजीने सुटणारा नाही. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असला की पाणी वाटच धरतं. तिथे वनखात्याची परवानगी घेऊन वाट आडवी वळवावी लागेल.

आणि मित्रांनो, कळकळीची विनंती: चिखल दिसला तर बाजूच्या गवतातून सायकल काढू नका. माती वाळेपर्यंत दोन दिवस थांबा.