कुतरडं

कुत्रा म्हटलं की प्राणी, पण कुतरडं म्हटलं की लगेच शिवी. मराठीत ही गंमत भारी आहे, कुणाला खाली आणायचं असेल तर त्याला नपुंसकलिंगात ढकलायचं आणि मागे एक डं लावून द्यायचा, की काम झालं. जुन्या मराठीत कुत्र्याला सुणें म्हणायचे, तेही नपुंसकलिंगीच. कोकणीत अजून सुणेंच म्हणतात आणि तिथे तो साधा रोजचा शब्द आहे. संस्कृतवाल्यांनी सारमेय असं भारदस्त नाव काढलं खरं, इंद्राची ती सरमा कुत्री, तिची पोरं म्हणून सारमेय, पण त्याच भाषेत मनुस्मृती दुसऱ्याची चाकरी करण्याला श्ववृत्ती म्हणते, म्हणजे कुत्र्याचं जिणं, ते टाळा म्हणते. (महिन्याच्या पगाराची वाट बघणाऱ्या आपण सगळ्यांनी हे फार मनावर घेऊ नये.)

आता मला खरी मजा वाटते ती संतकवींची. जी चाकरी शास्त्राने हलकी ठरवली तीच हे लोक देवाकडे हट्टाने मागतात, आणि शिवीसकट मागतात. कबीर सरळ म्हणतो, मी रामाचा कुत्ता, नाव मुतिया म्हणजे मोती, गळ्यात रामाची दोरी, ओढेल तिकडे जातो. शिवीतल्या कुत्र्याला कधी नाव असतं का? याला आहे, आणि तेही मोती! जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्येही स्वतःला देवाचे कुत्रे मानतात आणि भुंकतातसुद्धा, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आणि तुकोबा: 'तुझे दारींचा कुतरा । नको मोकलूं दातारा'. इथे तो कुत्राही नाही, कुतरा आहे, अगदी ओबडधोबड, लोक हाड् म्हणून हाकलतात तो. श्वान घातलं असतं तर ओळ सोवळी झाली असती आणि बेचवसुद्धा. शिवाय दातारा शी यमक जुळतं ते कुतराचंच!

मला विचाराल तर कबीराच्या मोतीपेक्षा तुकोबांचा कुतरा जास्त आवडतो. मोती बिचारा गुणी, दोरी ओढली की निघाला. हा मात्र दारातच बसलाय, आणि वर मालकालाच सांगतोय की मला सोडू नकोस. याला दोरीबिरीची गरजच नाही, हाकलायची पंचाईत झाली तर ती दाताराचीच.