एक मिनिट

"आजी, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा."

"कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, वाघ..." आई थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच, "गाय."

मी मनातल्या मनात हत्ती, घोडा म्हणत होते.

डॉक्टर म्हणाले, यात मेंदूचा पुढचा भाग शोधाशोध करतो, कानाजवळचा भाग अर्थ पुरवतो. अल्झायमरमध्ये एका अक्षरावरून शब्द सांगण्यापेक्षा हे बहुधा जास्त अवघड जातं. पण एवढ्यावरून निदान होत नाही, अजून तपासण्या आहेत.

येताना गोपी टँक मंडईत शिरलो. आई टोपल्यांपाशी वाकली. "सुरमई, हलवा, मांदेली, बोंबील. अगं, हा बांगडा ताजा नाही!"

समोर दिसत होते म्हणून सुचले, कळतंय मला. तरी डोळे भरून आले.

तुमच्या घरी कुणाची झालीय का ही चाचणी?