तेलाचा थेंब

आज ऐरोलीच्या लॅबमध्ये दिवसभर तेलाचा एक थेंब बघत बसलो. दुपारी फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली, "एवढं शिकून हेच?"

अगं, वारा पृष्ठभागाला किती घासतो ते हा थेंबच सांगतो! काळ्या काचेवर सिलिकॉन तेल ठेवायचं आणि विंड टनेल, म्हणजे वारा सोडायचा बोगदा, सुरू करायचा. वाऱ्याने तेल पसरत पातळ होतं. वर सोडियमचा पिवळा दिवा असला की त्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्या उमटतात. शेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांत तेलाच्या जाडीचा फरक जेमतेम 0.2 मायक्रॉन. पट्ट्या जितक्या भराभर रुंदावतील तितकं घर्षण जास्त. टॅनर आणि ब्लोज या संशोधकांनी 1976 साली मांडलेली युक्ती, आणि मला अजूनही जादूच वाटते.

पहिल्या तीन खेपा वाया. ठाणे-बेलापूर रोडची धूळ, दुसरं काय! एक कण बसला की त्याच्या मागे पट्ट्यांवर शेपटीसारखा ओरखडा. त्यात एसी बंद पडला. तेल तापलं की जास्त सहज वाहतं, म्हणजे घर्षणाचा आकडा बोंबललाच.

साडेपाचला चौथी खेप. स्वच्छ अकरा पट्ट्या! लगेच आईला फोटो पाठवला.

"कुठल्या साडीचा काठ रे हा?"